गृहस्थाची टिपणवही : मुरलेलें लांकूड

गेल्या श्रावणांतील एका रात्रीं आमच्या घरीं जो प्रकार घडला, तो वाचकांस सांगावा कीं न सांगावा, हा विचार बरेच दिवस मनांत घोळत होता. आपल्याच अविचाराची कथा छापून आणण्याची हौस कोणास असणार? परंतु या टिपणवहींत इतरांस शहाणपण शिकविण्याचें काम मीं आजवर बरेंच केलें आहे. तेव्हां स्वतःची फजिती तेवढी झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं.

हकीगत अशी. पुतण्याचें लग्न वैशाखांत ठरलें. घर जुनें, माणसें १९, आणि नवी सून यावयाची, म्हणून मागील अंगणाकडे दोन खोल्या वाढविल्या. त्यांतील एक आईला दिली. आमचें घर चंद्रपुरास. येथें दारें-चौकटी सागवानाच्याच हव्यात, हें ओघानेंच आलें. लांकूड वखारींतून घरीं आलें तेव्हां सुतारानें त्यावर हात फिरविला, नखानें टोकरलें आणि तो म्हणाला, "भाऊ, हें अजून झाडच आहे. याला लांकूड होऊं द्या. दिवाळीपर्यंत थांबा." मीं त्याला लग्नाची तिथि दाखविली. वखारवाल्यानें "वाळलेलें आहे" असें छातीवर हात ठेवून सांगितलें होतें. मला तें खरें मानावयाचें होतें, म्हणून मीं तें खरें मानलें.

लग्न थाटांत झालें. ज्येष्ठाच्या उन्हांत आईच्या खोलीचें दार आटलें. बोट जाईल एवढी फट पडली व कवाडास किंचित् पीळ बसला. ती फट मीं पट्टी ठोकवून बुजवून घेतली आणि आपण काम मार्गीं लावलें असें समजलों. पुढें आषाढ लागला, हवा दमट झाली, आणि जें आटलें होतें तें फुगलें. श्रावणांतल्या त्या रात्रीं आईला बरें वाटेना म्हणून ती उठून बाहेर येऊं लागली, तों दार उघडेना. तिचें वय ८२. आंतून तिच्या हांका, बाहेरून आम्ही चौघे पुरुष खांदे लावून उभे. अखेर चौकट फोडून दार काढावें लागलें. त्यांत पाऊण तास गेला. आई भिंतीस टेकून जमिनीवर बसली होती. डॉक्टर येऊन गेले, सुदैवानें विशेष कांहीं निघालें नाहीं. पण मला पाहतांच ती एवढेंच म्हणाली, "अरे, घाई कोणाची होती?"

हा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. घाई लग्नाची होती, असें उत्तर मीं प्रथम दिलें. पण लग्नाची तिथि पौषांतच ठरली होती. दारांची आठवण मला चैत्रांत झाली. म्हणजे घाई माझ्या विसरण्याची होती. मग मीं ठरविलें कीं, जें लांकूड आपल्या दारीं येतें तें कोणत्या वाटेनें येतें आणि त्या वाटेवर कोण कोण किती थांबतें, हें एकदां नीट पाहावें.

प्रथम लांकूड वाळतें म्हणजे काय होतें, तें सांगतों. उभ्या झाडांत लांकूड पाण्यानें भरलेलें असतें. तोडल्यावर आधीं त्याच्या सूक्ष्म नळ्यांतील मोकळें पाणी निघून जातें. तेव्हां लांकूड हलकें होतें, पण त्याचा आकार बदलत नाहीं. त्यानंतर पेशींच्या भिंतींत मुरलेलें पाणी निघूं लागतें, आणि तेव्हां लांकूड आटतें. लांबींत ही आटणूक नगण्य असते. रुंदींत मात्र ती जाणवते. त्यांतही ओंडक्याच्या वर्तुळांच्या कडेकडेनें होणारी आटणूक ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आटणुकीच्या सुमारें दुप्पट असते. एकाच फळीच्या दोन दिशा अशा निरनिराळ्या प्रमाणांत आटल्या कीं तिला पीळ पडणें क्रमप्राप्त होय. सागवान इतर लांकडांच्या मानानें कमी आटतें, हीच त्याची ख्याति. पण कमी आटणें म्हणजे मुळींच न आटणें नव्हे.

आतां त्याची वाट पाहूं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यास लागून असलेला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. या दोन जिल्ह्यांत मिळून महाराष्ट्रांतील उत्तम सागवानाचीं जंगलें आहेत. त्यांत आलापल्लीचें नांव सर्वांत मोठें. लागवडीच्या सागाचें कापणीचें वय बहुधा साठ ते ऐंशी वर्षांचें धरतात. म्हणजे ज्यानें रोप लावलें त्याच्या हातून तें झाड तोडलें जाण्याचा संभव नाहींच. आजा लावतो आणि नातू तोडतो, असा हा व्यवहार आहे. मधल्या काळांत विरळणी होते; दाटीवाटीनें वाढणाऱ्या झाडांतील कांहीं काढून उरलेल्यांस जागा करून देतात.

वनखात्याची कार्य आयोजना वर्षांपूर्वींच तयार असते. कोणत्या वर्षीं कोणत्या कूपांत तोड व्हावयाची, हें त्यांत ठरलेलें असतें. तोडावयाच्या झाडावर हातोड्यानें सरकारी ठसा उमटवितात. पावसाळा सरून वाटा वाळल्या कीं तोड सुरू होते. जंगलांतच ओंडके पाडून प्रत्येकावर क्रमांक घालतात. पूर्वीं हे ओंडके ओढण्यास हत्ती असत. त्यांचा वारसा सांगणारा हत्ती कॅम्प कमलापूर येथें आहे, आणि तेथील हत्ती पाहावयास आतां लोक मुलांबाळांस घेऊन जातात. ओंडके डेपोंत आले कीं लांबी, घेर व प्रत पाहून त्यांचे लॉट लावतात आणि मग लिलाव होतो. महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ मध्यें स्थापन झालें. त्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे. बल्लारशहाचा सागवान डेपो व्यापाऱ्यांत नांवाजलेला आहे. काझीपेठ ते बल्लारशहा हा लोहमार्ग १९२९ मध्यें पुरा झाला आणि बल्लारशहा हें दिल्ली-मद्रास वाटेवरील मोठें स्टेशन झालें. उत्तरेस व दक्षिणेस दोन्हीकडे माल जाण्यास अशी सोईची जागा दुसरी नव्हती.

डेपोंतील मोजणीची एक गंमत घरच्या मंडळींस सांगण्याजोगी आहे. ओंडक्याच्या घेराचा चौथा हिस्सा घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि लांबीनें गुणावयाचें. घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल तर चौथा हिस्सा १ फूट, त्याचा वर्ग १, म्हणून ओंडका १० घनफूट. शाळेंतील भूमितीनें मोजाल तर तोच ओंडका १२.७३ घनफूट भरेल. ही चूक नव्हे. गोल ओंडक्यांतून चौकोनी फळ्या काढतांना कडेचें लांकूड वाया जातें, तें ध्यानांत घेऊन शंभरांत साडेएकवीस भाग आधींच सोडून दिलेले असतात. तरीही आरा गिरणींतून बाहेर येईपर्यंत भुसा, साल व कडेचें पांढरें लांकूड यांत आणखी बरेंच जातें. म्हणून डेपोंतला भाव आणि वखारींतला भाव यांची तुलना करून वखारवाल्यास लबाड म्हणणें बरोबर नाहीं. मीही त्याला लबाड म्हणत नाहीं. त्याला थांबावयास पैसा नव्हता, मला थांबावयास सवड नव्हती. दोघांच्या संगनमतानें तें ओलें लांकूड माझ्या आईच्या खोलीस लागलें.

येथें माझ्या थोरल्या वहिनींची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरचें कोठीघर गेलीं तीस वर्षें त्यांच्या ताब्यांत आहे. तांदळाच्या पिंपावर आंतल्या बाजूस त्यांनीं खडूची एक रेघ ओढली आहे. मीं विचारलें, "वहिनी, ही रेघ कशाची?" त्या म्हणाल्या, "भावोजी, रोज दोन किलो तांदूळ लागतो. दुकानदाराला सांगितल्यापासून माल यायला चार दिवस. म्हणजे आठ किलो. अचानक पाहुणे आले तर चार किलो वरकड. बारा किलोंवर रेघ. तांदूळ रेघेला लागला कीं चिठ्ठी जाते." मोठमोठ्या दुकानांतील संगणक याहून निराळें कांहीं करीत नाहीं. रोजचा खप, माल येण्यास लागणारे दिवस आणि अडीअडचणीची शिल्लक, एवढाच सगळा हिशेब. फक्त तो हजारों जिनसांचा एकदम होतो.

घर बांधण्याचें व सजविण्याचें सामान एका छपराखालीं विकणारीं प्रचंड दुकानें अमेरिकेंत बरींच आहेत. त्यांतील होम डेपो ही कंपनी १९७८ मध्यें स्थापन झाली व पुढल्याच वर्षीं अटलांटा शहरांत तिचीं पहिलीं दुकानें उघडलीं. फळी, खिळा, रंग, नळ, विजेचा दिवा, अशा तीस ते चाळीस हजार जिनसा एकेका दुकानांत असतात. छतापर्यंत माल रचलेला, म्हणजे दुकान तेंच गोदाम. आरंभीं बहुतेक कारखानदार आपला माल थेट प्रत्येक दुकानास पाठवीत. त्यामुळें प्रत्येक दुकानास गरजेपेक्षां अधिक माल एकदम मागवून तो सांभाळीत बसावें लागे. २००७ च्या सुमारास कंपनीनें वाटणीचीं मध्यवर्ती ठिकाणें उभारण्यास आरंभ केला. कारखान्यांतून माल तेथें यावा, निरनिराळ्या दुकानांच्या मागणीप्रमाणें वेगळा व्हावा आणि शक्य तों त्याच दिवशीं पुढें जावा, अशी ही व्यवस्था. माल जितका वेळ पडून राहील तितका पैसा अडकून राहतो, हें तिच्यामागील तत्त्व. आपल्याकडेही परदेशी दुकानदारीची ही तऱ्हा आली आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीचें नवी मुंबईंतील तुर्भे येथील दुकान डिसेंबर २०२० मध्यें उघडलें.

हें सर्व वाचून मीं वहिनींस म्हटलें कीं, पडून राहणें म्हणजे नुकसान, हा आजच्या व्यापाराचा मंत्र आहे. त्या हंसल्या. "भाजीचें नुकसान होतें, भावोजी. पण तांदूळ जुना झाला तर भात मोकळा होतो, आणि लोणचें मुरलें नाहीं तर पानांत वाढतां येत नाहीं. काय पडून राहूं द्यावें आणि काय नाहीं, हें ज्याला कळलें त्याला कोठी कळली."

या एका वाक्यानें माझ्या मनांतला गुंता सुटला. खिळा व नळ कारखान्यांतून निघतांनाच पुरे झालेले असतात; त्यांचें थांबणें हा निवळ खर्च. लांकूड मात्र थांबण्यानेंच पुरें होतें. त्याचें थांबणें नाहींसें करतां येत नाहीं. तें कोणाच्या दारीं ठेवावयाचें, एवढेंच आपल्या हातीं असतें. वखारवाला थांबला तर तो त्याचें व्याज किंमतींत धरील, आणि तें धरणें रास्त आहे. भट्टींत तापवून लांकूड वाळविणारा कारखाना महिन्यांचें काम दिवसांवर आणील, पण जळणाची किंमत घेईल; तीही रास्तच. आणि कोणीच थांबलें नाहीं, तर लांकूड आपल्या भिंतींत बसून वाळेल, आणि त्या थांबण्याचें बिल घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाकडे जाईल. आमच्या घरीं तें ८२ वर्षांच्या आईकडे गेलें.

जो थांबतो त्यास थांबण्याचा मोबदला मिळतो कीं नाहीं, हाही प्रश्न याच वाटेवरचा आहे. त्याचें उत्तर मला गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत, मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या लहानशा गांवांत सांपडलें. तेथील प्रश्न बांबूचा होता. बांबूचा कोंब एका पावसाळ्यांत पुरी उंची गांठतो, परंतु त्याची काठी पक्व होण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. कोवळा बांबू तोडला तर तो वांकतो व लवकर किडतो, आणि बेटही खचतें. म्हणजे बांबूसही थांबणारा राखणदार हवा. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत बांबूची गणना झाडांत होती, आणि जंगलांतला बांबू बाहेर नेण्याचा परवाना देणें सरकारच्या हातीं होतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपजांत धरला. २००९ मध्यें मेंढा-लेखास सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतुकीचा परवाना हातीं नसल्यानें हक्काचा बांबू विकतां येईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवांत येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें.

एका पुस्तकाचें एवढें महत्त्व कशाला, असें वाचकांस वाटेल. ज्याच्या हातीं परवाना नाहीं त्यास दारीं येईल त्या गिऱ्हाइकाला, तो देईल त्या भावानें, आणि तो म्हणेल त्या दिवशीं माल द्यावा लागतो. परवाना हातीं आला म्हणजे दोन-चार व्यापाऱ्यांकडून भाव मागवितां येतो, आणि भाव पटेपर्यंत थांबतां येतें. दरिद्र्याजवळ जी वस्तु कधींच नसते ती म्हणजे थांबण्याची ताकद. तें पुस्तक म्हणजे ती ताकद होती. पुढें २०१७ मध्यें कायद्यांत आणखी दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येंतून वगळण्यांत आला, आणि शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्याचीही अडचण कमी झाली.

गिऱ्हाईक या बाबतींत अगदींच दुर्बळ असतें असेंही नाहीं. अमेरिकेंत जुन्या अरण्यांचें लांकूड विकूं नये म्हणून लोकांनीं मोठी चळवळ केली, तेव्हां १९९९ मध्यें त्याच होम डेपोनें जाहीर केलें कीं, धोक्यांत आलेल्या अरण्यांतील लांकूड आपण २००२ अखेरपर्यंत बंद करूं व प्रमाणित लांकडास प्राधान्य देऊं. जंगल कोणाचें आणि कागद कोठें, हें गिऱ्हाइकानें विचारलें म्हणजे दुकानदारास तें आपल्या कारखानदारास विचारावें लागतें, आणि तो प्रश्न कडीकडीनें जंगलापर्यंत पोंचतो.

मार्च २०२३ मध्यें अयोध्येच्या राममंदिरासाठीं बल्लारपुराहून सागवान निघालें, तेव्हां काष्ठपूजनाचा मोठा सोहळा झाला. त्याच वर्षीं मे महिन्यांत दिल्लीच्या नव्या संसद भवनाचें उद्घाटन झालें; त्यासाठींही सागवान नागपुराहून गेलें. आमच्या भागाचा हा गौरव आम्हां सर्वांस सुखावून गेला. पण त्या ओंडक्यांचीं वर्तुळें मोजूं गेल्यास तीं आपल्या जन्माच्या मागें जातील. आलापल्लीजवळ सुमारें ६ हेक्टरांचा एक तुकडा तोडीपासून राखून ठेवला आहे; २०१४ मध्यें त्यास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यांत आलें. कोठींतही एक डबा असा असतो कीं, तो कधीं उघडावयाचा नसतो. त्यांतलें बियाणें पुढच्या पिढीचें असतें.

वाचक भगिनी-बंधूंस आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों. घरांत कार्य ठरलें कीं यादींतील पहिली ओळ लांकडाची असावी, दागिन्यांची नव्हे. सोनें चार दिवसांत मिळतें. लांकूड घेतांना वखारवाल्यास मुद्दाम विचारावें कीं, ओंडका कधीं चिरला व फळ्या किती दिवस रचलेल्या आहेत. शब्दावर विसंबूं नये. एका फळीचा लहान तुकडा घेऊन तो काटेकोर तोलावा, दोन आठवडे सांवलींत व वाऱ्यावर ठेवावा व पुन्हां तोलावा. वजन बरेंच उतरलें तर तें लांकूड अजून ओलें आहे. डेपोच्या लिलावाची पावती व वाहतूक परवाना यांची नक्कल मागावी. सरळ मार्गानें आलेल्या मालाचा व्यापारी ती दाखवितांना रागावत नाहीं. सवड असेल तर फळ्या घरींच मुरवाव्यात. जमिनीपासून हातभर उंच, सांवलींत, प्रत्येक थरामध्यें सारख्या अंतरावर पातळ पट्ट्या देऊन रचाव्यात, म्हणजे वारा खेळतो व पीळ पडत नाहीं. फळ्यांच्या टोकांस रंग किंवा मेण लावावें, म्हणजे तडे जात नाहींत. आणि वृद्धांच्या खोलीस आंतून बाहेर उघडणारें दार ठेवावें. हें शहाणपण मला पाऊण तासांत आलें.

आमच्या ओसरीवर सध्यां अशाच फळ्या रचल्या आहेत. या खेपेस त्या सुतारानें स्वतः निवडल्या आणि लॉटचा कागद वहिनींनीं आपल्या पेटींत ठेवला. मुलांना त्यांवर बसण्याची मनाई आहे, ती कोणी फारशी पाळीत नाहीं. आईच्या खोलीला तूर्त जाड पडदा लावला आहे. परवां मीं तिला म्हटलें, "दार दिवाळीनंतरच बसेल, तोंवर गैरसोय होईल." ती म्हणाली, "होऊं दे. पडदा कधीं अडकत नाहीं."